पथ्य एकीचे, ताट साऱ्या घराचे

आजाऱ्याला भेटायला आलेला पाहुणा घोंगडीवर टेकायच्या आधीच विचारतो, ‘‘पथ्य काय सांगितलंय?’’ आमच्या बेळगाव-निपाणीकडच्या घरांत औषधाइतकीच श्रद्धा पथ्यावर आहे आणि ती सर्वस्वी अस्थानी नाही. मात्र काही आजार असे असतात की, पथ्याने ते बरे होत नाहीत. तरीही रोग्याचे दिवस सुसह्य करण्यात आहाराचा वाटा मोठा असतो. मल्टिपल स्क्लेरोसिस हा त्यांपैकी एक.

मेंदू, पाठीचा कणा आणि डोळ्यांकडे जाणारी मज्जा यांतील तंतूंवर, विजेच्या तारेवर रबर असावे तसे, मायेलिनचे आवरण असते. या रोगात शरीराची संरक्षक शक्तीच त्या आवरणावर उलटते. मग दृष्टी अंधूक होते, हातापायांना मुंग्या येतात, तोल जातो आणि झोपेनेही न जाणारा थकवा जडतो. फ्रेंच वैद्य शार्को यांनी १८६८ मध्ये या रोगाचे सुस्पष्ट वर्णन केले. २०२० च्या अंदाजानुसार जगात सुमारे २८ लाख लोकांना तो आहे. आपल्या देशात २०१६ च्या अपंगविषयक कायद्याने त्याची नोंद घेतली आहे.

हा रोग बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान गाठतो आणि स्त्रियांत त्याचे प्रमाण पुरुषांच्या दुपटीहून अधिक आढळते. याचा आमच्या घरांतील अर्थ वाचकांनी ध्यानी घ्यावा. जिला पथ्य पाळायचे तीच पुष्कळदा घरची सून असते आणि साऱ्यांच्या भाकऱ्या तीच थापते. स्वतःसाठी निराळे शिजवणे तिला संकोचाचे वाटते. सर्वांना वाढून उरेल ते खाण्याची सवय अंगवळणी पडलेली असते. अशा वेळी पथ्याचा कागद खुंटीला लटकत राहतो.

त्या कागदावर काय असावे, याविषयी विद्वानांत बराच काळ खल चालला आहे. डॉ. रॉय स्वांक यांनी १९४८ पासून रोग्यांना अत्यंत कमी स्निग्धांशाचा आहार देण्यास आरंभ केला आणि १४४ रोग्यांचा ३४ वर्षांचा वृत्तांत १९९० मध्ये प्रसिद्ध केला. पथ्य पाळणाऱ्यांची स्थिती बरी राहिली, असे त्यांना दिसले. परंतु तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. १९७३ मध्ये ब्रिटनमध्ये सूर्यफुलाच्या तेलाची चाचणी झाली. तीत रोगाचे झटके काहीसे सौम्य व अल्पकाळाचे झाले, पण अपंगत्व थांबल्याचे सिद्ध झाले नाही. आजवर कोणत्याही आहाराने हा रोग बरा होत असल्याचा पुरावा नाही. म्हणून ‘अमुक खा, औषधे सोडा’ असे सांगणाऱ्याला दारातूनच नमस्कार करावा.

तरीही चांगल्या आहाराने हृदय, हाडे व वजन सांभाळले जाते आणि दुबळ्या पायांवरचा भार कमी होतो. त्यासाठी परदेशी डबे आणायला नकोत. ज्वारीची भाकरी, मेथी-अंबाडीची भाजी, मुगाची उसळ, जवसाची व कारळ्याची चटणी हे सारे आमच्याच चुलीवरचे आहे. लोणी, वनस्पती तूप, तळणे आणि साखर मात्र कमी करावी. ड जीवनसत्त्व रक्त तपासून, वैद्याच्या सांगण्यावरूनच घ्यावे. त्याचा अतिरेकही घातक असतो.

या रोगाच्या काही अडचणी थेट ताटाशी निगडित आहेत. वारंवार लघवीला लागते म्हणून रोगी पाणीच कमी पितो. लग्नाला किंवा शेतावर जायचे असले की विशेषच. त्यातून बद्धकोष्ठ वाढते आणि मूत्रविकार उद्भवतात. तेव्हा पाणी तोडण्यापेक्षा जवळ सोय करून द्यावी. गिळताना ठसका लागू लागला, तर वैद्यांना दाखवावे आणि भाकरी आमटीत कुस्करून, भात मऊ करून सावकाश भरवावा. अंग तापले की लक्षणे काही काळ बळावतात; मग वैशाखात चुलीपुढे बसणे हीच शिक्षा ठरते. भाकऱ्या दुसऱ्या कुणी थापाव्यात. तिने हवेशीर जागी बसून भाजी निवडावी.

निपाणीत राहून तंबाखूविषयी बोलणे अवघड. या पिकावर अनेकांच्या चुली पेटल्या आहेत. परंतु धूम्रपानाने या रोगाचे अपंगत्व लवकर वाढते, हे संशोधनाने दाखविले आहे. रोग्याला विडी सोडायला सांगताना घरच्या पुरुषांनी आपली विडीही विझवावी. एरवी तो उपदेश पोकळ ठरतो.

येथेच आमच्या म्हणण्याचे सार आहे. पथ्य एकट्या रोग्याचे ठेवले की ती शिक्षा होते आणि साऱ्या घराचे केले की ती रीत होते. तेलाची बुधली एकच असावी आणि चटणी सर्वांच्या ताटात पडावी. एका वेळी एकच बदल करावा व तो रुळला की दुसरा. ‘हे का खाल्लंस?’ असा पहारा ठेवू नये. काय झेपते हे तिलाच विचारावे. कर्नाटकी बेंदराला पुरणपोळीचा घास आणि पाहुण्यांनी आणलेल्या बेळगावच्या कुंद्याचा चमचा यांनी पथ्य बुडत नाही. ज्या दिवशी थकवा अनावर असेल, त्या दिवशी मुगाची खिचडीही पुरे.

औषधोपचारासाठी मज्जाविकारतज्ज्ञांचा सल्ला अखंड घ्यावा. रोग्यांना व कुटुंबीयांना आधार देणारी मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया १९८५ मध्ये स्थापन झाली आहे; तिच्याशीही संबंध ठेवावा. बाकीचे काम घरचेच. सर्वांना वाढून झाल्यावर एकटीने जेवणाऱ्या सुनेला आज पहिल्या पंक्तीला बसवावे आणि तिचे ताट दुसऱ्या कुणी वाढावे. पथ्याचा आरंभ तेथूनच होईल.