काटेरी बोंडातील गोडवा

सप्टेंबर सरत आला की जपानमधील चेस्टनटच्या झाडांवरून पिकलेली काटेरी बोंडे आपोआप गळू लागतात. या फळाला तेथे ‘कुरी’ म्हणतात. इबाराकी प्रांतातील कासामा परिसरात अनेक कुटुंबे शरद ऋतूत बागांमध्ये कुरी वेचायला जातात. फांद्या ओढायच्या नाहीत, गळाले तेच वेचायचे. बोंड दोन्ही बुटांनी दाबून उघडायचे आणि आतील चकचकीत तपकिरी बिया चिमट्याने उचलायच्या.

वेचण्यासाठी वारंवार वाकावे लागते; ते काम तरुणांचे. मात्र बी हाताला जड लागते का, तिला किडीचे छिद्र आहे का, हे पारखण्याचे काम बसूनही होते. त्यानंतर येते सोलण्याचे काम. बाहेरच्या टणक सालीला ‘ओनिकावा’, म्हणजे राक्षसी साल, आणि आतल्या पातळ सालीला ‘शिबुकावा’, म्हणजे तुरट साल, अशी नावे आहेत. गरम पाण्यात भिजवल्यावर बाहेरची साल मऊ होते. आतली मात्र गराला घट्ट चिकटलेली असते. म्हणूनच ‘कुरी गोहान’, म्हणजे चेस्टनट घालून शिजवलेला भात, हा साधा दिसला तरी त्यामागे कुणाचे तरी बरेच श्रम असतात.

मिठायांत ‘कुरी किंतोन’ला मानाचे स्थान आहे. गिफू प्रांतातील नाकात्सुगावा येथे उकडलेला गर साखरेसह आटवून, कापडात पिळून त्याला आकार देतात. नववर्षाच्या ताटातील याच नावाचा पदार्थ वेगळा असतो. रताळ्याच्या गोड लगद्यात पाकवलेले चेस्टनट घातलेल्या या पदार्थाचा सोनेरी रंग समृद्धीचे प्रतीक मानला जातो. नागानो प्रांतातील ओबुसे हे गावही चेस्टनटच्या मिठायांसाठी प्रसिद्ध आहे. थोर चित्रकार होकुसाई वयाची ऐंशी वर्षे ओलांडल्यावर या गावी आले आणि तेथील गान्शो-इन मंदिराच्या छतासाठी त्यांनी भव्य फिनिक्स पक्षी चितारला.

आहाराच्या दृष्टीने चेस्टनट बदाम किंवा शेंगदाण्यांहून अगदी निराळा आहे. 100 ग्रॅम कच्च्या गरात सुमारे 37 ग्रॅम कर्बोदके असतात; स्निग्धांश मात्र 1 ग्रॅमहूनही कमी. त्यामुळे मधुमेह असलेल्यांनी त्याची गणना सुक्या मेव्यात न करता भात-बटाट्यांत करावी आणि चेस्टनट खाल्ल्यास तेवढा भात कमी घ्यावा. मिठाईतील साखर याहून वेगळी मोजावी. मूत्रपिंडाच्या विकारामुळे पोटॅशियमचे पथ्य असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. नैसर्गिक रबराची ॲलर्जी असणाऱ्यांनीही सावध राहावे. इंग्रजी नावांतील साम्यामुळे शिंगाड्याशी गल्लत होते. पण शिंगाडा पाणवनस्पतीचे फळ आहे, तर चेस्टनट वृक्षाचे.

शुश्रूषा करणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. शिजलेला गर कोरडा व पिठूळ असल्याने घशात अडकू शकतो. दात नसलेल्या वा गिळण्याचा त्रास असलेल्या व्यक्तीला अख्खे चेस्टनट देऊ नये. डॉक्टरांची अनुमती असल्यास गर बारीक कुस्करून, गाळून, दुधात किंवा पातळ खिरीत मिसळावा. व्यक्तीला ताठ बसवून लहान घास सावकाश भरवावा.

सप्टेंबरचा तिसरा सोमवार जपानमध्ये ज्येष्ठांच्या सन्मानाचा दिवस असतो, आणि कुरीचा हंगामही त्याच सुमारास सुरू होतो. ज्यांना आता बागेत जाता येत नाही, त्यांच्या वाटीत त्या ऋतूची चव सुखरूप पोहोचावी, हाही त्यांचा सन्मानच आहे.