गल्ल्यावरचा फोन, पोरांच्या हातात
दिवसभर ज्या फोनवर धंद्याचे पैसे येतात, तोच संध्याकाळी पोरांच्या हातात गेमसाठी जातो. बरोबर ना? मग गल्ल्याची किल्ली देताना जे बजावाल, तेच फोन देतानाही बजावा.

पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही. कुणी ‘पैसे पाठवतो, पिन टाक’ म्हणालं, तर ती फसवणूकच. ओटीपी कुणालाच सांगायचा नाही. ग्राहकाचा नंबर किंवा फोटो विचारल्याशिवाय पुढे पाठवायचा नाही.

आणि एक शब्द द्या: चुकलास तरी ओरडणार नाही, आधी मला सांग. कारण पोरगं भीतीनं गप्प बसलं, की वेळ हातची जाते. पैसे गेलेच तर लगेच १९३० लावा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

आज रात्री जेवताना एवढं बोलाच!