प्रवाळवनांतील प्रकाशचित्रें

'विद्रुम' या शब्दांत 'द्रुम' आहे. पोवळें म्हणजे समुद्रांतील झाड, अशीच जुनी समजूत असावी. युरोपांतील पंडितही अठराव्या शतकापर्यंत त्यास बहुधा वनस्पतींतच घालीत. पेसोनेल नांवाच्या फ्रेंच वैद्यानें प्रवाळाचीं 'फुलें' हीं फुलें नसून सूक्ष्म प्राणी आहेत असें सांगितलें, तें पॅरिसच्या विद्वानांस पटलें नाहीं. पुढें हा गृहस्थ वेस्ट इंडीजमधील ग्वादलूप बेटावर जाऊन राहिला व तेथूनच त्यानें आपला प्रबंध लंडनच्या रॉयल सोसायटीकडे धाडला. आज त्याच कॅरिबिअन समुद्रांत सामान्य प्रवासीही पाठीवर हवेचें नळकांडें बांधून उतरतात व त्या प्राण्यांचीं प्रकाशचित्रें घेऊन वर येतात.

माझा एक जुना विद्यार्थी तेथील बोनेर बेटावर तीन वेळां जाऊन आला. चित्रें दाखवितांना तो म्हणाला, "गुरुजी, हा मासा येथें तांबडा दिसतो ना? पाण्यांत मला तो करडा दिसला होता." यांत जादू नाहीं. पाणी सूर्यप्रकाशांतील तांबडा रंग प्रथम शोषून घेतें. पांच-दहा मीटर खालीं तो बहुतेक नाहींसा होतो आणि अखेर निळाच काय तो उरतो. तेथें बोट कापलें तर रक्तही हिरवट दिसावयाचें! म्हणून चित्रकारास स्वतःचा दिवा न्यावा लागतो. त्या दिव्याचाही प्रकाश पाणी खातेंच. तेव्हां हातभर अंतरापर्यंत जवळ जावें लागतें. दिवा समोरून धरला तर तरंगणारे कण हिमासारखे चमकून चित्र बिघडवितात. म्हणून तो बाजूस धरावयाचा.

नळकांड्यांत शुद्ध प्राणवायु असतो अशी अनेकांची समजूत आहे; वस्तुतः बहुधा ती आपली साधी हवाच, दाबून भरलेली. वर येतांना श्वास कोंडणें सर्वांत घातक. दाब कमी होतांच ती हवा फुगून फुप्फुस फाटूं शकतें. प्राणायामांतील कुंभक तेथें कामाचा नाहीं! शिवाय तळाला न टेकतां अधांतरीं राहणें साधलें पाहिजे. मेंदूच्या आकाराचें प्रवाळ वर्षाकांठीं कांहीं मिलिमीटरच वाढतें. पायाच्या एका धक्क्यानें किती वर्षांची वाढ मोडते याचा हिशेब वाचकांनींच करावा.

१९३९ सालीं व्हिएन्नाचा तरुण हान्स हास कुरासाव व बोनेर येथें आला, तेव्हां त्याच्यापाशीं भालाही होता आणि कॅमेराही. नळकांडें नव्हतें, श्वास रोखूनच बुडी. पुढें भाला मागें पडला व कॅमेऱ्यानें त्याचें नांव केलें. बोनेरचेंही तसेंच झालें. १९७१ सालीं तेथें भाल्यानें मासे मारण्यास बंदी झाली. १९७९ सालीं किनाऱ्यापासून साठ मीटर खोलीपर्यंतचा समुद्र संरक्षित उद्यान ठरला. रस्त्याकडेच्या पिवळ्या दगडांवर बुडीच्या जागांचीं नांवें लिहिलेलीं असतात. पाणबुड्यांस हातमोजे घालण्याची मनाई आहे. उघडा हात सहसा कशास लागत नाहीं. हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो.

पण नियमांनीं पाणी थंड होत नाहीं. १९८३-८४ सालीं कॅरिबिअनमधील काळे समुद्रकांटे रोगानें जवळजवळ नाहींसे झाले आणि ते खात असलेलें शेवाळ प्रवाळांवर माजलें. २०२३ सालीं समुद्र असा तापला कीं बेटाबेटांवरचीं प्रवाळें पांढरीं पडलीं; त्याच वर्षीं बोनेरला प्रवाळांचा एक नवा रोगही पोंचला.

विद्यार्थ्यानें एकाच प्रवाळाचीं तीन चित्रें आणलीं होतीं. २०२२ चें तपकिरी. २०२३ चें मोगऱ्यासारखें शुभ्र. घरांतील मुलांस तेंच सर्वांत आवडलें. प्रवाळाच्या अंगांत राहून त्यास अन्न पुरविणारें सूक्ष्म शैवाल निघून गेलें कीं असा रंग येतो, म्हणजे तें उपाशी आहे, असें त्यानें सांगितलें, तेव्हां धाकटीनें विचारलें, "मग तें मेलें का, काका?" पाणी वेळेवर निवलें तर जगतें, असें म्हणून त्यानें तिसरें, २०२४ चें, पुढें केलें. अर्ध्या भागावर शेवाळ चढलें होतें. उरलेला अर्धा पुन्हां तपकिरी झाला होता.