चौकटीत न मावलेले पाणी

चांदण्यात चकाकणारा जलाशय, त्यावरून जेमतेम ६० फूट उंचीने झेपावणारे लँकेस्टर विमान आणि समोर म्योने धरणाची भिंत! ब्रिटनमधील विमान-चित्रकारांनी हा प्रसंग पुन्हा पुन्हा रंगविला आहे. १६ मे १९४३ च्या रात्री ६१७ व्या स्क्वॉड्रनची १९ विमाने १३३ हवाई सैनिकांना घेऊन जर्मनीकडे निघाली. आठ विमाने परतली नाहीत. ५३ जण मृत्युमुखी पडले.

या चित्रांच्या मर्यादित प्रती निघतात. त्यांखाली मोहिमेतील सैनिकांच्या पेन्सिलीने केलेल्या स्वाक्षऱ्या असल्या, की भाव चढतो. मोहिमेतील अखेरचे हयात सैनिक जॉनी जॉन्सन डिसेंबर २०२२ मध्ये निवर्तले. या 'माला'चा पुरवठा आता कायमचा आटला. हा हिशेब रुक्ष वाटेल, परंतु स्मृतीलाही बाजार असतो. ज्या ५३ जणांनी सर्वस्व दिले, त्यांची सही मात्र या बाजारात कधीच येऊ शकली नाही.

म्योने व एडर ही धरणे फुटून सुमारे १३०० माणसे बुडाली. त्यांत नेहाइमच्या छावणीत कोंडलेल्या, वेठीसाठी पकडून आणलेल्या सोव्हिएत स्त्रिया शेकड्यांनी होत्या. म्हणजे ब्रिटनच्या मित्रराष्ट्राच्याच नागरिक! चित्रे बहुधा भिंतीपाशीच थांबतात, खालच्या खोऱ्यात उतरत नाहीत.

धरणे त्याच वर्षी पुन्हा बांधली गेली. बांधकाम चालू असताना त्यावर फेरहल्ला का झाला नाही, याचे आश्चर्य खुद्द जर्मन शस्त्रास्त्रमंत्री अल्बर्ट श्पेअर यांनी पुढे नोंदविले. मात्र या कामासाठी अटलांटिक किनाऱ्यावरील तटबंदीचे हजारो मजूर हलवावे लागले. मोहिमेची ही आर्थिक फलश्रुती लहान नव्हे; पण परांचीवर चढणारे मजूर रंगविण्याचे कोणाच्या मनात येत नाही.