बोटाच्या पेराएवढा समुद्रघोडा

समुद्राखालचे फोटो म्हटले की निळंशार पाणी आणि रंगीत प्रवाळ डोळ्यांपुढे येतं. इंडोनेशियातल्या लेंबे सामुद्रधुनीत यातलं फारसं काही दिसत नाही. सुलावेसीचं उत्तर टोक आणि लेंबे बेट यांच्यामधली ही चिंचोळी पट्टी. काठावर बितुंगचं मासळीबंदर, तळाशी ज्वालामुखीची काळी वाळू आणि त्या वाळूत रुतलेल्या बाटल्या, डबे, करवंट्या. तरीही चार-पाच दिवसांची सवड मिळाली की जगभरचे मॅक्रो फोटोग्राफर, म्हणजे बारीक जीवांचे अगदी जवळून फोटो काढणारे, इथेच धाव घेतात.

कारण त्या वाळूतच आहे. उघड्या तळावर लपायला कपारी नसतात, म्हणून इथल्या जीवांनी जगण्याच्या वेगळ्या युक्त्या कमावल्या आहेत. मिमिक ऑक्टोपस कधी चपट्या माशासारखा सरपटतो, कधी विषारी समुद्रसापाचं सोंग घेतो; त्याला शास्त्रीय नाव मिळालं ते थेट 2005 मध्ये. दुसरा एक ऑक्टोपस नारळाच्या करवंट्या पोटाशी धरून हिंडतो आणि धोका दिसला की त्यांतच शिरून बसतो. अंगभर केसांसारखे तंतू असलेला फ्रॉगफिश परांवर चालतो, कपाळावरचं अळीसारखं आमिष हलवत बसतो आणि भक्ष्य टप्प्यात आलं की डोळ्याचं पातं लवायच्या आत ते गिळतो.

मला यांत सर्वांत विलक्षण वाटतो तो पिग्मी समुद्रघोडा. लांबी जेमतेम दोन सेंटिमीटर. पंख्यासारख्या पसरलेल्या एका प्रवाळाच्या फांदीला तो शेपटीने विळखा घालून असतो आणि त्याच्या अंगावरचे गुलाबी फोड प्रवाळाच्या मिटलेल्या कळ्यांसारखेच दिसतात. 1969 मध्ये न्यू कॅलेडोनियात जॉर्ज बार्जिबाँ यांनी मत्स्यालयासाठी असं प्रवाळ आणलं, तेव्हा त्यावरचा हा प्राणी नजरेला पडला. पुढच्याच वर्षी त्याला बार्जिबाँचं नाव देण्यात आलं. लेंबेत स्थानिक गाइड बोट दाखवतो, तरी नवख्याला तिथे फक्त फांदी दिसते. या गाइडांची नजर हीच इथली खरी श्रीमंती आहे.

आता फोटोचं तंत्र. पाणी सर्वांत आधी लाल रंग शोषून घेतं, त्यामुळे वीस मीटरवर हा गुलाबी जीव राखाडी दिसतो. त्याचा रंग परत आणायला स्ट्रोब, म्हणजे पाण्याखालचा फ्लॅश, लागतो. तो समोरून मारला तर पाण्यातला कण न् कण उजळतो आणि फोटोवर पांढरे ठिपके उमटतात, म्हणून स्ट्रोब बाजूला घेऊन थोडे बाहेरच्या दिशेने वळवतात. इतक्या जवळून स्पष्ट दिसणारा भाग काही मिलिमीटरचाच असतो. त्यासाठी लेन्सचं छिद्र एफ-16 किंवा त्याहून लहान ठेवायचं आणि फोकस डोळ्यावरच धरायचा. लाटेचा हलका हेलकावाही तो चुकवतो.

म्हणजे सगळं येऊन ठरतं ते डायव्हरच्या अंगच्या तोलावर. श्वासाने स्वतःला वर-खाली ठेवता आलं पाहिजे. पायातल्या फिनचा एक फटका तळाला लागला की काळा गाळ उठतो आणि आपलाच नव्हे, मागून येणाऱ्याचाही फोटो जातो. तोल नसलेला माणूस आधारासाठी प्रवाळाला धरतो आणि तेच प्रवाळ त्या समुद्रघोड्याचं घर असतं.

फ्लॅशने या प्राण्यांचे डोळे जातात का, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. 2019 मध्ये 'सायंटिफिक रिपोर्ट्स'मध्ये आलेल्या अभ्यासात समुद्रघोडे आणि फ्रॉगफिश तपासले गेले. फ्लॅशमुळे डोळ्यांना इजा झाल्याचं आढळलं नाही. जास्त त्रास होत होता तो प्राण्याला ढोसून, हलवून फोटोसाठी हवा तसा वळवण्याचा. त्याने पाठ फिरवली असेल तर थांबावं, नाहीतर पुढे जावं. गाइड काठीने तो वळवून द्यायला लागला, तर त्याला खुणेने थांबवणं हे आपलं काम आहे.

छोट्या सहलीचं गणित मात्र नीट बसवावं लागतं. सिंगापूर किंवा जकार्तामार्गे मनाडोला उतरायचं, तिथून बितुंगला तास-दीड तासाचा रस्ता. सलग काही दिवस डायव्हिंग केल्यावर विमानात बसण्याआधी किमान 18 तास जाऊ द्यावे लागतात. रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला तेवढा अवधी हवाच. म्हणजे शेवटचा दिवस कोरडाच जातो. शिवाय प्राथमिक ओपन वॉटर कोर्सची मर्यादा 18 मीटर, आणि पिग्मी समुद्रघोडा बरेचदा त्याखाली असतो.

मालवणला प्रशिक्षकाने धरून नेलेली डाइव्ह आपल्यातल्या अनेकांनी केली आहे. ती समुद्राची ओळख झाली. एकट्याने तोल राखणं त्यात शिकता येत नाही. त्यासाठी तारकर्लीला एमटीडीसीचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे. लेंबेचा बेत असेल तर रीतसर कोर्स करा, काही डाइव्ह कॅमेऱ्याविना मारा आणि मगच हाउसिंग, म्हणजे कॅमेऱ्याचं जलरोधक कवच, आणि स्ट्रोब यांवर पैसे घाला.