मुफस्सल

‘तपशील’ हा शब्द आपल्या नित्याच्या बोलण्यात इतका मुरलेला आहे की तो अरबीतून फारसीच्या वाटेने आपल्या दप्तरांत आला, याचे स्मरणही आता कोणास होत नाही. त्याच धातूपासून निघालेला त्याचा सख्खा भाऊ ‘मुफस्सल’ मात्र इंग्रजांच्या कचेऱ्यांत जाऊन ‘मोफसिल’ या नावाने स्थायिक झाला, इंग्रजी कोशांत नाम आणि विशेषण अशा दोन्ही नात्यांनी नोंदला गेला, आणि आज तेथे तो क्वचितच कोणाच्या लेखणीवर येतो. आमच्या सफाळ्यासारख्या गावांना ज्या विशेषणाने एके काळी ओळखले गेले, ते हेच.

मूळ अरबी धातूचा अर्थ वेगळे करणे. वादातील खरेखोटे वेगळे करतो तो फैसला, आणि महसुलाच्या हिशेबातला फसली सन ज्या ‘फसल’वरून आला तिचे कूळही तेच. एखादी गोष्ट अंगोपांगांसह सुटी करून सांगणे म्हणजे तपशील, व अशी सुटी करून मांडलेली ती मुफस्सल. म्हणजे मूळ विशेषणात हिणकस असे काहीच नाही. ‘सविस्तर’ एवढाच त्याचा अर्थ. त्याच्या समोर उभा राहिला तो ‘सदर’, ज्याचा मूळ अर्थ छाती, म्हणून अग्रभाग, म्हणून मुख्य ठाणे. मुख्य ठाणे वगळून जो मुलूख वेगळा उरला, तो मुफस्सल. १७८१ च्या सुमारास कलकत्त्याच्या इंग्रजी वृत्तपत्रात तो या अर्थाने दिसतो; १८४५ मध्ये जॉन लँग याने आपल्या पत्राचे नावच ‘मोफसिलाइट’ ठेवले; आणि यूल व बर्नेल यांनी १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात त्याचा सापेक्षपणा नेमका टिपला. इलाख्याच्या राजधानीपुढे सारा प्रांत मोफसिल, आणि जिल्ह्याच्या सदर ठाण्यापुढे त्याची खेडी मोफसिल. या न्यायाने मुंबईपुढे ठाणे मोफसिल, ठाण्यापुढे त्या काळचा माहीम तालुका मोफसिल, आणि माहीमपुढे सफाळे.

या शब्दाची खरी हुकमत चालली ती न्यायदानात. १८६२ साली मुंबईचे उच्च न्यायालय स्थापन होईपर्यंत मुंबई बेटावर राजाच्या सर्वोच्च न्यायालयाचा अंमल होता आणि तेथे इंग्रजी कायदा चाले. बेटाबाहेर मात्र कंपनीच्या अदालती होत्या, त्यांच्या शिरावर सदर दिवाणी अदालत होती, आणि त्यांचा आधार एल्फिन्स्टनची १८२७ ची नियमावली. तिच्या चौथ्या नियमात दिवाणी दाव्यासाठी जो क्रम घालून दिला आहे, तो मला फार मोलाचा वाटतो: प्रथम सरकारी कायदा, तो नसेल तर त्या मुलखाचा रिवाज, तोही नसेल तर प्रतिवादीचा धर्मनियम, आणि यांपैकी काहीच न सापडल्यास न्याय, समत्व व सदसद्विवेक. म्हणजे मोफसिल ठरवलेल्या मुलखातल्या न्यायाधीशाला फैसला करण्यासाठी मुफस्सल व्हावेच लागे. खाजणाचा बांध कोणी घालायचा, उघाडीची राखण कोणाकडे, बांध फुटून खारे पाणी भातात शिरले तर भुर्दंड कोणाचा, अशा वादांत रिवाज म्हणजे अखेर गावचा तपशीलच, आणि तो तिथल्या माणसांनाच ठाऊक.

पुढे दोन्ही न्यायशाखा एक झाल्या, पण भेद सहजी पुसला गेला नाही. नादारीचा कायदा इलाखा-शहरांसाठी १९०९ चा आणि प्रांतांसाठी १९२० चा, असा वेगळाच राहिला.

लोहमार्गानेही तोच धडा गिरवला. मुंबई-सुरत रेल्वे १८६४ साली पूर्ण होऊन सफाळ्यावरून गाड्या धावू लागल्या. परंतु विजेची लोकल १९३६ मध्ये विरारला येऊन थांबली, आणि उपनगरी लोकल डहाणूपर्यंत जाण्यास २०१३ साल उजाडावे लागले. मधल्या सत्त्याहत्तर वर्षांत वैतरणेच्या अलीकडची आम्ही माणसे शटलच्या वेळापत्रकावर आपले आयुष्य बेतत राहिलो. याच पट्ट्यातल्या तारापूरला १९६९ मध्ये देशातील पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले, तरी ‘विरारच्या पलीकडचे’ ही आमची ओळख ढळली नाही. २०१४ च्या १ ऑगस्टला पालघर स्वतंत्र जिल्हा झाला तेव्हा सदर ठाणे जवळ आले, एवढाच काय तो फरक.

इंग्रजीत हा शब्द थकला असला तरी या देशात तो मेलेला नाही. बंगालीत ‘मफस्सल’ आजही घरगुती शब्द आहे, आणि चेन्नईत २००२ साली बाहेरगावच्या गाड्यांसाठी जे प्रचंड स्थानक कोयंबेडूला उघडले, त्याच्या मूळच्या अधिकृत नावात ‘मोफसिल’ होते. मराठीने मात्र त्याला जवळ केले नाही. आपण ‘बाहेरगावचा’ म्हणतो, ‘खेड्यातला’ म्हणतो, आणि तपशिलाचे ते जुने नाते हरवते, याचे मला वाईट वाटते.

सफाळ्याच्या बाजारात भाजीची पाटी घेऊन बसलेल्या बाईंना मी एकदा विचारले, “मावशी, तुम्ही कुठल्या?” त्यांनी सफाळे म्हटले नाही. आधी गाव सांगितले, मग पाडा, मग ओहोळाची कोणती बाजू, आणि शेवटी विहिरीजवळच्या आंब्याची खूण.