वर्तुळातला वाघ, हौद्यावरचा मारुती

कोल्हापुरात कराटेला जाणाऱ्या पोरांच्या पांढऱ्या ड्रेसवर, डाव्या छातीशी, पुष्कळदा वर्तुळातला वाघ दिसतो. झडप घालायला निघालेला वाघ, असाच त्याचा अर्थ बहुतेक जण लावतात. मला तो पटत नाही.

हे चिन्ह शोतोकान शैलीचं. ओकिनावातल्या शुरी इथे १८६८ साली जन्मलेले शाळामास्तर गिचिन फुनाकोशी १९२२ मध्ये कराटेचं प्रात्यक्षिक दाखवायला टोकियोला गेले. तिथे चित्रकार होआन कोसुगी त्यांच्याकडे शिकू लागले आणि या विद्येवर पुस्तक लिहा म्हणून मागे लागले. एखाद्या विद्येच्या प्रमाणग्रंथाला जपानीत ‘तोरा नो माकी’ म्हणजे वाघाची पोथी म्हणतात. कोसुगींनी पुस्तकासाठी वाघ काढला तो यावरून. म्हणजे तो आधी ग्रंथाचा वाघ, मग मैदानातला. शिवाय तो वर्तुळाच्या बाहेर पाऊल टाकत नाही. पहिला वार आपण करायचा नाही, हे तर फुनाकोशींच्या शिकवणीचं मूळच.

कोल्हापूरकराला हे परकं वाटू नये. इथल्या तालमीत कुस्तीच्या हौद्याशेजारी देवळीत शेंदरी मारुती असतो. हळद, तेल, ताक, लिंबू घालून मळलेल्या तांबड्या मातीत उतरताना पैलवान आधी त्याच्यापुढे वाकतो, माती कपाळाला लावतो. कराटेचा वर्गही वाकून नमस्कार केल्याशिवाय सुरू होत नाही. डोंगर उचलणारा मारुती रामापुढे हात जोडून उभा राहतो. वस्तादाला पोरात मुरवायची असते ती हीच ताकद. इथल्याच तालमीत तयार झालेले पैलवान श्रीपती खंचनाळे १९५९ साली कुस्तीतले पहिले हिंदकेसरी झाले. हिंदकेसरीच्या खांद्यावर येणारी गदा मारुतीचीच. माझ्या मते तालमीचं खरं बोधचिन्ह हेच, जरी ते कुणा एका चित्रकारानं कागदावर काढलेलं नसलं तरी.

राजर्षी शाहूंनी या तालमींना राजाश्रय दिला, १९१२ मध्ये कुस्तीचं खासबाग मैदान खुलं झालं. तो इतिहास सर्वांना ठाऊक आहे. मला जास्त मोलाचं वाटतं ते तालमींचं मोकळेपण. मारुतीचा शेंदूर असलेल्या कित्येक तालमी मोहरमात पंजेही बसवतात. पेठेतलं पोर कुठल्या घरचं, यापेक्षा ते कुठल्या तालमीचं, हे इथे आधी विचारलं जातं.

फुनाकोशींचा टोकियोतला दोजो, म्हणजे कराटेची तालीम, १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळाला. शिष्यांनी वाघ जगभर नेला. कोल्हापुरातही तालमीचं नाव हौद्यापुरतं उरलं नाही. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर फुटबॉल खेळतात, आणि पाटाकडीलची पोरं उतरली की गॅलरीतून आरोळी उठते ती ‘पीटीएम’ची. त्यातला ‘टी’ तालमीचा.